रस्ता पाहिजे, पण ठराव वाडीचा पाहिजे

(2013 च्या पावसाळ्याअखेर डोलवी इथं वाड्यांच्या बैठकीत केलेलं भाषण)



बैठक एवढी खाली डोलवीला कशाला, असं काही जणांनी विचारलं. इथून सगळं दिसतं म्हणून. धरमतरच्या खाडीत बार्ज लागतात, पोलादाचा कारखाना रात्रंदिवस चालतो, मुंबई-गोवा रस्ता पनवेलपासून इंदापूरपर्यंत 84 किलोमीटर चौपदरी होतोय. आणि मान वर केली की डोंगरात आपल्या वाड्या. तिथून खाली यायला पायवाट. याच पावसात आम्ही आमच्या वाडीतली बाळंतीण झोळीत घालून आणली. चार माणसं, ओढ्याला छातीएवढं पाणी. बाई वाचली, पोर वाचला नाय.

तर रस्ता पाहिजे. त्यावर आपल्यात वाद नाय. रस्ता कुठून जाणार, कोण ठरवणार, त्यावर बोलायला आलोय.

साहेब लोक म्हणतात, जमीन फॉरेस्टची, रस्ता होत नाय. हे अर्धंच खरं. वनहक्क कायद्याचं कलम 3(2) वाचा. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, पाण्याची लाइन अशा 13 कामांना वनजमीन देता येते. त्यात रस्ताही आहे आणि कौशल्य प्रशिक्षण केंद्रही आहे. एका कामाला एक हेक्टरच्या आत जमीन, हेक्टरी 75 च्या वर झाडं तोडायची नायत, आणि ग्रामसभेची शिफारस पाहिजे. एक हेक्टर म्हणजे किती? पाच मीटर रुंद रस्ता धरला तर दोन किलोमीटर होतो. बऱ्याच वाड्यांना तेवढा पुरतो.

म्हणजे शिफारस आपल्या हातात आहे. पण आपली वाडी ग्रुप ग्रामपंचायतीत. सभा मोठ्या गावात. दवंडी वर येत नाय. ठराव झाला हे आपल्याला खडी पडल्यावर कळतं.

एका वाडीत असंच झालं. गाव सांगत नाय. आखणी केली ती थेट दोन भावांच्या दळीतून. त्यांचा दावा उपविभागात पडून. विचारलं तर म्हणे, तुमचा कागद कुठं आहे? अरे, कागद तुमच्याच टेबलावर आहे! कलम 4(5) सांगतं, दाव्याची तपासणी पुरी होईपर्यंत कब्जेदाराला हलवता येत नाय. वाडीनं बसून आखणी ओढ्याच्या अंगाला सरकवली, रस्ता थोडा लांबला, दळी राहिली. हे ठराव लिहितानाच झालं असतं तर सहा महिने वाचले असते.

आपला रायगड पाचव्या अनुसूचीत नाय, म्हणून पेसा इथं लागू नाय. पण वनहक्क कायदा सगळीकडे आहे. 12 जुलै 2012 ला दिल्लीच्या आदिवासी मंत्रालयानं सूचना काढल्या, की पंचायतीची सभा मोठी होत असेल तर वाडी-पाड्याच्या पातळीवर सभा घ्या. सप्टेंबरात नियमही बदलले. आता निम्मे सभासद हजर लागतात आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया. दाव्यांचा ठराव असेल तर निम्मे दावेदारही बसलेले पाहिजेत.

निम्मे! 26 जानेवारीला आणि 1 मेला आपली निम्मी वाडी कुठं असते? वीटभट्टीवर. म्हणून जे करायचं ते 15 ऑगस्ट ते दिवाळीच्या आत. 15 ऑगस्ट तर गेला.

घाई का, तेही ऐका. या फेब्रुवारीत, 5 तारखेला, दिल्लीच्या पर्यावरण मंत्रालयानं पत्र काढलं. मोठे रस्ते, कालवे, पाइपलाइन, विजेच्या लाइनी जंगलातून न्यायला आता ग्रामसभेची संमती लागणार नाय. फक्त आदिम जमातींचे मान्य झालेले हक्क बाधित होत असतील तिथं लागेल. कातकरी आदिम जमातीत आहेत. ठाकर नायत. म्हणजे एकाच रस्त्याला कातकरवाडीला विचारतील आणि ठाकरवाडी सोडून देतील. आणि कातकऱ्यांनाही हक्क मान्य झाला असेल तरच. दावा पडून असेल तर नुसतं आदिम असून काय करायचं? ठाकर भावांनी आणि कातकऱ्यांनी दावे एकत्र रेटले पाहिजेत, नायतर हे पत्र आपल्याला एकमेकांपासून तोडेल.

सभेनं काय होतं, असं म्हणू नका. पेणच्या 22 गावांनी 21 सप्टेंबर 2008 ला सेझवर मत दिलं, बहुतेकांनी नको म्हटलं. आता ओडिशात नियमगिरीच्या खाणीचा प्रश्न सुप्रीम कोर्टानं ग्रामसभांवर सोपवला. बारा गावांच्या सभा झाल्या, बाराही नाय म्हणाल्या. त्यातली काही गावं आपल्या वाड्यांएवढीच.

आता प्रशिक्षण. आमच्याकडे शिवणाचा वर्ग आला होता. तीन महिने बाया गेल्या, फोटो निघाले, मशिनी परत गेल्या. कोणी विचारलं नव्हतं की शिवायला कापड कोण आणणार. खाली गाड्यांची रांग लागलीय, आमच्या पोरांना चालवायचं शिकवा ना! पण मालवाहू गाडीचं लायसन मिळायला आठवी पास लागते, आणि पोरं भट्टीवर जातात म्हणून सहावी-सातवीत शाळा सुटते. मग केंद्राच्या ठरावात आधी आठवीची तयारी मागा. हे वरच्या कोणाला सुचणार नाय, आपल्याला माहीत आहे.

काम सुरू झालं की अंदाजपत्रकाची प्रत मागा. माहितीच्या अधिकारात अर्जाला दहा रुपये, दारिद्र्यरेषेखाली असाल तर तेही नायत. खडीचा थर किती लिहिलाय ते बघा आणि काठी घालून मोजा. आमच्या वाडीत हे काम म्हाताऱ्या करतात, त्यांना ठेकेदार घाबरतो.

2 ऑक्टोबरची सभा राहिलीय. त्याआधी वाडीत बसा. दाव्याची पोच, दळीचा जुना कागद, काय असेल ते बरोबर ठेवा. अंगठा द्यायच्या आधी ठराव मोठ्यानं वाचून घ्या. वाचायला कोणी नसेल तर निरोप धाडा, आम्ही येतो.