‘खात्री आहे काय?’ हा प्रश्न कोणी विचारावा

वडोदऱ्यात दांडिया बाजाराकडून पूल ओलांडला की अकोटा लागते. वडोदरा संस्थान १ मे १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र व गुजरात ही राज्ये वेगळी झाली. परंतु जमिनीच्या उताऱ्याला दोन्हीकडे अजून सातबाराच म्हणतात. गुजरातचा उतारा ‘एनी आरओआर’ या संकेतस्थळावर पाहावयास मिळतो, महाराष्ट्राचा ‘महाभूलेख’वर. महाराष्ट्रात तर २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा उताराही मिळू लागला. अकोट्यातील मराठी कुटुंबाची वडिलोपार्जित जमीन महाराष्ट्रात असेल, तर तिचा कागद आता घरबसल्या पाहता येतो.

कागद पाहण्यात धोका नाही. धोका आहे तो अर्ज भरण्यात, दुरुस्त करण्यात आणि रद्द करण्यात. असे कळफलकावरील एक बोट चुकीच्या जागी पडले, तर महिन्याचे काम पुसले जाऊ शकते. म्हणून पडद्यावर एक चौकट येते आणि विचारते, “खात्री आहे काय?” उत्तर मिळेपर्यंत ती मागचे पान अडवून धरते. ही चौकट नेमकी कोण उघडतो, याविषयी आज्ञावली लिहिणाऱ्यांतही पुष्कळ गैरसमज आढळतो.

अर्जदाराच्या यंत्रातील ब्राउझर मागणी पाठवतो. दूरच्या केंद्रातील सर्व्हर ती वाचतो, काम करतो, उत्तर पाठवतो आणि तेथे त्या मागणीपुरता संबंध संपतो. हा व्यवहार टपालासारखा आहे. मामलेदार कचेरीतून पत्र धाडील, पण पत्र फोडणाऱ्याच्या शेजारी उभा राहून त्याला थांबवू शकणार नाही. सर्व्हरला अकोट्यातील पडदा दिसत नाही.

नवशिका लेखनिक नेमका येथेच फसतो. तो सर्व्हरवरील आज्ञावलीतच चौकट उघडण्याची आज्ञा लिहितो. त्याच्या मेजावर सर्व्हर आणि ब्राउझर एकाच यंत्रात असल्यामुळे चौकट झकास उघडते आणि तो निर्धास्त होतो. तीच आज्ञावली कचेरीच्या सर्व्हरवर चढली की बहुधा त्रुटीच येते. आणि चौकट उघडलीच, तर ती कुलूपबंद खोलीतील यंत्रावर उघडते. तेथे ‘होय’ म्हणावयास कोण बसले आहे?

योग्य मार्ग असा की सर्व्हरने उत्तराच्या पानातच जावास्क्रिप्टची एक ओळ घालून पाठवावी आणि पान उघडताच ब्राउझरने ती वाचून चौकट दाखवावी. एएसपी डॉट नेटमध्ये यासाठी स्टार्टअप स्क्रिप्ट नोंदवण्याची सोय आहे. अर्जदाराचे नाव त्या ओळीत जसेच्या तसे मात्र चिकटवू नये. वसई-गोव्याकडच्या एखाद्या डि'सोझांच्या नावातील स्वल्पचिन्हाने वाक्य मध्येच तुटते व चौकट उघडतच नाही. शिवाय खोडसाळ माणसाला त्याच फटीतून आपली आज्ञा आत सरकवता येते.

पण खरी मेख क्रमात आहे. ती ओळ ब्राउझरपर्यंत पोहोचते तेव्हा सर्व्हरचे काम झालेले असते. रद्द करून झाल्यावर “रद्द करू काय?” असे विचारणे म्हणजे वरात गेल्यावर घोडे शोधणे! म्हणून काम दोन फेऱ्यांत करावे लागते. पहिल्या फेरीत सर्व्हर अर्ज तपासून कच्चा ठेवतो आणि प्रश्न पाठवतो. ‘होय’ आल्यावर दुसऱ्या फेरीत तो पक्का करतो. प्रत्येक प्रश्नासोबत एकदाच चालणारा क्रमांक द्यावा, म्हणजे बटण दोनदा दाबले तरी अर्ज दोनदा दाखल होत नाही. शिवाय, चौकट अर्जदाराच्या यंत्रात असते आणि जाणकार माणूस ती सहज टाळू शकतो. तेव्हा अधिकाराची तपासणी सर्व्हरने पुन्हा केलीच पाहिजे.

चौकटीच्या जातीही बदलत गेल्या. इंटरनेट एक्सप्लोररने पूर्वी आणलेली, उत्तर येईपर्यंत पानाची आज्ञावलीच थांबवून धरणारी खिडकी क्रोमने २०१४ मध्ये बंद केली. तिच्या जागी ‘डायलॉग’ हा घटक आला; मार्च २०२२ पर्यंत तो सर्व प्रमुख ब्राउझरांत पोहोचला. त्याचा एक लाभ आपल्या लोकांना विशेष आहे. ब्राउझरच्या स्वतःच्या साध्या चौकटीतील बटणांचे शब्द पानाला बदलता येत नाहीत. इंग्रजी ब्राउझरात ‘ओके’ आणि ‘कॅन्सल’ हेच येतात. आता “अर्ज रद्द करायचा?” या प्रश्नाखाली ‘कॅन्सल’ हे बटण असेल, तर शेतकऱ्याने त्याचा अर्थ काय घ्यावा? ‘डायलॉग’मध्ये ‘अर्ज रद्द करा’ आणि ‘अर्ज राहू द्या’ असे स्वच्छ लिहिता येते. ज्या वडोदऱ्यात सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत, १९३१ मध्ये, आठ भाषांतील राज्यकारभाराच्या शब्दांचा ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा कोश निघाला, तेथील माणसाला ही अपेक्षा जास्तीची वाटू नये.

राहता राहिला प्रश्न उत्तरच न देणाऱ्याचा. कोणी एस्केप कळ दाबून चौकट मिटवतो, कोणाकडची वीज जाते. या सर्वांचा अर्थ ‘नाही’ असाच धरावा. अर्ज ठरावीक मुदतीपर्यंत कच्चाच राहावा, आणि तो माणूस पुन्हा आला की पहिल्याच पानावर त्याला दिसावे : “आपला अर्ज अद्याप दाखल झालेला नाही.”