शून्य दशांश शून्य चार

आजपासून डॉक्टर, नर्स, वैद्य, फिजिओथेरपिस्ट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या माझ्या मुलामुलींनो,

मला आज तुमच्याशी झोपेबद्दल बोलायचं आहे. या व्यासपीठावरून सेवेबद्दल, करुणेबद्दल, संशोधनाबद्दल बोललं जातं आणि ते बोललं जायलाच हवं. पण चाळीस वर्षं वॉर्डात काढल्यावर माझं मत असं झालं आहे की थकलेल्या माणसाची करुणा सगळ्यात आधी आटते, आणि त्याच्या पाठोपाठ त्याचा हिशेब चुकतो.

मी हाऊसमन होतो, बालरोग विभागात. सोमवारी सकाळी आठला ड्यूटीवर आलो होतो आणि मंगळवारी दुपारचे चार वाजले होते. मधल्या रात्री पाठ टेकली नव्हती. हृदयाचा आजार असलेलं सात किलोचं एक बाळ होतं. त्याला डिगॉक्सिन द्यायचं होतं. ते मोजूनमापून द्यावं लागतं, हे तुम्हाला सांगायला नको. मी केस पेपरवर डोस लिहिला आणि पुढच्या खाटेकडे वळलो. संध्याकाळच्या ड्यूटीच्या सिस्टर मागून आल्या. म्हणाल्या, “डॉक्टर, हे बाळ सातच किलोचं आहे ना?” मी म्हटलं, हो. “मग हे एकदा परत वाचता का?”

मी वाचलं. मला ते बरोबर वाटलं. त्यांनी कागद माझ्या हातातच राहू दिला. मी दुसऱ्यांदा वाचलं, तरीही बरोबरच वाटलं. तेव्हा त्यांनी दशांश चिन्हाच्या पुढे बोट ठेवलं. शून्य दशांश शून्य चार लिहायचं होतं, मी शून्य दशांश चार लिहिलं होतं. दहापट. एक शून्य कागदावर नव्हतं, आणि माझ्या डोळ्यांना ते तिथे असल्यासारखं दिसत होतं.

ते बाळ बरं होऊन घरी गेलं. पण माझ्या मनातून गेला नाही तो दुसऱ्यांदा वाचण्याचा क्षण. माणूस चुकतो, हे मी शिकलो होतो. पण दमलेल्या माणसाला चूक दाखवली तरी ती दिसत नाही आणि आपण दमलो आहोत हेही त्याला पटत नाही, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

पुढे अनेक वर्षांनी यामागचं शास्त्र वाचायला मिळालं. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २००३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. निरोगी माणसांचे गट केले आणि सलग चौदा दिवस कुणाला रात्री चार तास, कुणाला सहा, कुणाला आठ तास झोपू दिलं. सहा तासवाल्यांकडे नीट लक्ष द्या, कारण तुमच्यापैकी बहुतेकजण सहा तास म्हणजे चांगली झोप समजतात. त्यांचं लक्ष आणि प्रतिसादाचा वेग दिवसागणिक घसरत गेला. दोन आठवड्यांच्या अखेरीस त्यांची अवस्था एक-दोन रात्री पूर्ण जागलेल्या माणसासारखी झाली होती. पण त्यांना स्वतःला विचारलं, किती पेंग येते आहे, तर पहिल्या काही दिवसांनंतर त्यांची उत्तरं फारशी बदलली नाहीत. त्यांना वाटत होतं, सवय झाली. काम बिघडत होतं आणि त्याची जाणीव जागच्या जागी थांबली होती. “मला कमी झोप पुरते” असं कुणी ठामपणे सांगितलं, की मला हा प्रयोग आठवतो आणि त्या माणसाची काळजी वाटते.

ऑस्ट्रेलियात १९९७ मध्ये अशीच एक तुलना झाली. सलग सतरा तास जागलेल्या माणसाचं हात आणि डोळ्यांचं कौशल्य रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखं होतं, असं तिथे दिसलं. आपल्या मोटार वाहन कायद्यात दारू पिऊन गाडी चालवण्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के आहे. पहाटे सहाला उठलेला डॉक्टर रात्री अकराला शस्त्रक्रियेला उभा राहतो, तेव्हा त्याला फुंकर मारायला सांगणारं यंत्र कुठेच नसतं.

आपल्या भाषेत जागरणाचा फार मान आहे. कष्टाळू माणसानं रात्रीचा दिवस केला असं आपण म्हणतो, राखण करणाऱ्यानं डोळ्यांत तेल घालून राखण केली म्हणतो. आजारी मुलाच्या उशाशी बसलेल्या आईसाठी हे शब्द आले आणि तिला ते शोभतातही. पण ते शब्द आपण हॉस्पिटलच्या ड्यूटीच्या तक्त्यात आणून ठेवले, तिथे मोठी चूक झाली. छत्तीस तास ड्यूटी केली हे सांगताना माझ्या पिढीच्या आवाजात अभिमान असतो. तो अभिमान तुमच्याकडे वारसा म्हणून येऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

१९८४ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कला लिबी झायन नावाची अठरा वर्षांची मुलगी ताप आणि थरथर घेऊन रात्री दाखल झाली आणि सकाळपर्यंत गेली. तिच्यावर उपचार करणारे शिकाऊ डॉक्टर तासन्‌तास कामावर होते आणि एकेकाकडे कितीतरी रुग्ण होते. मृत्यूचं नेमकं कारण काय, यावर पुढे कोर्टात खूप वाद झाला. तिचे वडील पत्रकार होते, त्यांनी हा प्रश्न सोडला नाही. १९८९ मध्ये न्यूयॉर्क राज्यानं रेसिडेंट डॉक्टरांसाठी आठवड्याला ८० तासांची आणि सलग २४ तासांची मर्यादा घातली.

आपल्याकडेही कागद आहे. केंद्र सरकारच्या १९९२ च्या रेसिडेन्सी योजनेत सलग ड्यूटी साधारणपणे बारा तासांपेक्षा जास्त नसावी आणि आठवड्याला ४८ तास काम असावं, असं लिहिलं आहे. २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी नेमलेल्या कृती दलानं आठवड्याला ७४ तासांपेक्षा जास्त काम नको, एक दिवस सुट्टी हवी आणि रोज सात-आठ तास झोप हवी, अशी शिफारस केली. बत्तीस वर्षांत ४८ वरून ७४ वर आपण का आलो, हा प्रश्न मी तुमच्या हाती देतो. आज ना उद्या ड्यूटी लावणारा हात तुमचाच असणार आहे.

तो हात चालवताना एक गोष्ट लक्षात ठेवा. नुसते तास कमी करून भागत नाही. बोस्टनच्या एका रुग्णालयातल्या अतिदक्षता विभागांत २००४ मध्ये दिसलं, की २४ तासांहून लांब ड्यूटीच्या जुन्या पद्धतीत इंटर्नकडून होणाऱ्या गंभीर चुका ३६ टक्क्यांनी जास्त होत्या. ते वाचून मी हरखलो होतो. पण त्याच संशोधकांनी २०२० मध्ये मुलांच्या अतिदक्षता विभागांत असाच प्रयोग केला, तेव्हा लांब ड्यूट्या बंद केल्यावर चुका वाढल्या. शोध घेतल्यावर दिसलं, की तास कमी झाल्यावर काही ठिकाणी एकेका डॉक्टरकडचे रुग्ण वाढले होते. तेव्हा झोप मागताना माणसंही मागा, आणि हँडओव्हर मन लावून शिका. “बाकी सगळं ठीक आहे” हा हँडओव्हर नव्हे. कुणाची लघवी कमी झाली आहे, कुणाचा रिपोर्ट यायचा आहे, कुणाचे नातेवाईक घाबरले आहेत, हे सांगूनच वॉर्ड सोडायचा.

आता तुमच्या रुग्णांबद्दल. केस पेपरवर आपण भूक लिहितो, शौच लिहितो, व्यसन लिहितो. झोप लिहायची म्हणून लिहितो आणि पुढे सरकतो. चरकसंहितेनं आहार आणि ब्रह्मचर्य यांच्या बरोबरीनं निद्रेला शरीराचा खांब मानलं, ही गोष्ट आमच्या वैद्य मंडळींना ठाऊक आहे. आधुनिक शास्त्रही हळूहळू तिथे पोचलं. १९९९ मध्ये अकरा निरोगी तरुणांना सहा रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं, तर त्यांच्या शरीराला साखर आवरेनाशी झाली. २००२ मध्ये दिसलं, की तसंच जागरण घडवून फ्लूची लस दिली, तर दहा दिवसांनी प्रतिपिंडं निम्म्याहूनही कमी तयार झालेली असतात. मोठ्यानं घोरणाऱ्या माणसाचा श्वास झोपेत पुन्हापुन्हा अडतो आणि त्याचं बीपी गोळ्यांना दाद देत नाही, हे तर तुम्ही परीक्षेत लिहून आला आहात. वॉर्डात ते त्याच्या बायकोला विचारा, त्याला स्वतःला माहीत नसतं.

माझ्याकडे एक बाई यायच्या. तीन गोळ्या चालू होत्या, तरी बीपी उतरत नव्हतं. मी मीठ विचारलं, लोणचं-पापड विचारलं, गोळ्या वेळेवर घेता का विचारलं. वर्षभरानंतर एकदा सहज विचारलं, रात्री किती वाजता झोपता? “सगळ्यांची जेवणं, भांडी होऊन बारा. आणि साडेतीनला पाणी येतं.” एवढंच. नळाच्या वेळेचा आणि बीपीचा संबंध मी वर्षभर विचारला नव्हता. आम्ही सुनेला बोलावलं, पाणी भरायची पाळी लावली. गोळ्या सुटल्या नाहीत, पण पुढच्या काही महिन्यांत आकडे खाली आले. त्यामागे आणखीही कारणं असतील, मी सगळं श्रेय झोपेला देत नाही. पण आधी मी ती मोजलीच नव्हती, हे खरं.

तुमच्यापैकी जे खेड्यात जातील त्यांना शेतपंपाच्या विजेची पाळी विचारावी लागेल. एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात शेतकरी बॅटरी घेऊन दाऱ्यावर उभा असतो आणि दिवसाची कामंही चुकत नाहीत. “अंगात कणकण, डोकं जड, चिडचिड” म्हणत तो तुमच्याकडे येईल. रक्त तपासायच्या आधी त्याला विचारा, या आठवड्यात वीज कधी होती?

आणि चहा. झोपेची ओढ निर्माण करणारं अडेनोसिन दिवसभर मेंदूत साठत जातं. कॅफीन त्याची जागा अडवून बसतं, पण त्याला हटवत नाही. कॅफीन उतरलं की साठलेली ओढ तुमच्यासमोर उभीच असते. रात्रपाळीत चहा लागणारच, मी नको म्हणत नाही. पण पहाटे तीननंतरचा कप टाळा, कारण त्यातलं निम्मं कॅफीन पाच-एक तासांनी, घरी पडदा ओढून पडल्यावरही, तुमच्या अंगात असेल. मध्ये वीस मिनिटं डोळा लागत असेल तर लागू द्या. तुमचा सहकारी टेबलावर डोकं ठेवून पेंगत असेल, तर त्याचा फोन तुम्ही घ्या आणि उद्या त्याला तुमचा घेऊ द्या.

आणखी एक. मी बोलत असताना समोर पाहत होतो. डावीकडच्या मागच्या रांगांत काही चेहरे असे आहेत, जे काल रात्री ड्यूटीवर होते. गाऊन घातलेला आहे, पण पापण्या मिटू पाहत आहेत. मला त्याचं वाईट वाटत नाही, खुशाल झोपा. फक्त एक विनंती. लांब ड्यूटीनंतर घरी जाताना अपघाताचा धोका दुपटीहून जास्त असतो, असं अमेरिकेतल्या इंटर्न्सच्या पाहणीत २००५ मध्ये दिसलं होतं, आणि आपल्याकडे तर तुम्ही दुचाकीवर असता. कार्यक्रमाआधी मी कुलसचिवांशी बोललो आहे. आज कुणाचीही गाडी आवारात रात्रभर राहिली तरी चालणार आहे. सभागृहाच्या मागच्या दोन खोल्यांत सतरंज्या आणि उशा टाकल्या आहेत. ज्यांना गावी जायचं आहे त्यांनी आईवडिलांना जेवायला पाठवा, दोन तास तिथे पडा, आणि मग निघा. किल्ली वडिलांकडे द्या. उठवायला मी कुणाला तरी पाठवीन.