पोटातले कावळे आणि व्हिकी

'स्मॉल वंडर' आठवते का? १९८५ ची ही अमेरिकन मालिका आपल्यापैकी अनेकांनी नव्वदीत हिंदीतून पाहिली. २००३ मध्ये स्टार प्लसवर तिचीच 'करिश्मा का करिश्मा' झाली.

व्हिकी ही इंजिनिअर बाबांनी बनवलेली यंत्रमुलगी. सांगाल ते शब्दशः करायची, सगळी गंमत त्यातच. तिला माणसांत आणायचं काम घरच्यांचं. आणि समजावायला बसलं की आपलंच बोलणं आपल्याला नव्याने ऐकू येतं. 'स्टार ट्रेक'मधला डेटाही विनोद म्हणजे काय, हे माणसांनाच विचारायचा.

आज इथे क्लेमेंटीत आपल्या घरी उलटं चाललंय. मुलं विचारतात, यंत्र क्षणात सांगून मोकळं. समजावण्याची वेळच कुणावर येत नाही. शाळेत मातृभाषा म्हणून हिंदी, गुजराती, बंगाली घेता येते, मराठी नाही. तेव्हा मराठीतलं 'असं का?' घरीच विचारलं जायला हवं.

तर आज जेवताना मुलांना व्हिकी करा. तुम्ही म्हणा, "पोटात कावळे ओरडतायत." त्यांनी विचारायचं, किती कावळे? आत शिरले कसे? आणि कावळेच का, चिमण्या का नाहीत? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या आजीला सुचलं, तर आम्हाला नक्की कळवा.