अनुदान आणि पिकाची नोंद

(पनवेल, उरण व पेण भागातील शेतकऱ्यांसमोर वाशी, नवी मुंबई येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



पीक शेतात उभे असूनही अनुदान हातचे जाते, ही तक्रार गावोगावी ऐकू येते. असे का होते ते आज पाहू.

२०२३ सालचे कांदा अनुदान आठवा. लाल कांद्याचे भाव कोसळल्यावर राज्य शासनाने क्विंटलला ३५० रुपये, एका शेतकऱ्यास जास्तीत जास्त २०० क्विंटलपर्यंत, अनुदान दिले. १ फेब्रुवारी ते ३१ मार्च २०२३ या काळात विकलेल्या कांद्यालाच ते लागू होते. ४० क्विंटल विकणाऱ्याचे १४,००० रुपये झाले. परंतु अर्जासोबत विक्रीपट्टी आणि कांद्याची नोंद असलेला सातबारा लागत होता. अनेकांच्या सातबाऱ्यावर कांदाच नव्हता. शेवटी गावपातळीवर समित्या नेमून खातरजमा करावी लागली.

आपल्याकडे भात मुख्य. धान उत्पादकांना प्रोत्साहनपर रक्कम म्हणून खरीप २०२२-२३ साठी हेक्टरी १५,००० आणि २०२३-२४ साठी २०,००० रुपये जाहीर झाले. मर्यादा दोन हेक्टरची. धान विकले असो वा नसो, नोंदणी मात्र आवश्यक होती. वीस गुंठे भात लावणाऱ्याचे सुमारे ४,००० रुपये होतात. खताचा खर्च त्यातून निघतो. नोंदणी राहिली की तेही गेले.

म्हणून पुढील गोष्टी कराव्यात.

१) ई-पीक पाहणी मुदतीत करा. २०२१ पासून ही नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाईलवरून करायची आहे. मोबाईल जमत नसेल तर घरातील मुलांची किंवा तलाठ्यांची मदत घ्या. नंतर सातबारा काढून पीक व क्षेत्र बरोबर आले का ते पाहा.

२) चौघांचा माल एका टेंपोत भरून वाशीला पाठवला तरी पट्टी प्रत्येकाच्या नावाची वेगळी मागा. एकाच्या नावावरची पट्टी बाकी तिघांच्या उपयोगाची नाही.

३) बँक खात्याला आधार जोडलेले आहे का, याची बँकेत खात्री करा. सातबारा, आधार आणि पासबुक यांवरील नाव सारखे असावे.

४) शेतकरी ओळख क्रमांक काढून घ्या. १५ एप्रिल २०२५ पासून राज्यातील कृषी योजनांसाठी तो आवश्यक केला आहे.

आता एक अवघड गोष्ट. आपल्याकडे सातबाऱ्यावर आठ-दहा नावे असतात. भाऊ मुंबईत, बहिणी सासरी, आणि शेत कसतो एकच. २०२३ च्या कापूस-सोयाबीन अर्थसाहाय्यात सामाईक खात्यासाठी इतर खातेदारांचे ना हरकत पत्र मागितले गेले. ऐनवेळी सर्वांच्या सह्या मिळणे कठीण. गणपतीला सगळे घरी येतात, तेव्हाच हा विषय काढा. शक्य असल्यास वाटपाची नोंद करून घ्या. तोंडी बोलीवर दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याचे नाव तर कोठेच नसते. त्याने अनुदानाचा वाटा पेरणीपूर्वीच मालकाशी ठरवून लिहून ठेवावा.

अनुदानाने शेती तरत नाही, हे खरे. पण हक्काचे पैसे कागदाअभावी सोडू नयेत. या आठवड्यात सातबारा काढा आणि पिकाचा रकाना वाचा.