अंगणांतली शाळा कोणाची ?

(ग्रामसभेच्या आधीं शाळेच्या ओट्यावर पालकांपुढें केलेलें भाषण)



पहिलीचा वर्ग मी वीस वर्षें शिकवीत आहें. जून महिन्यांत वर्गांत दोन तऱ्हांचीं मुलें येऊन बसतात. एक इंग्रजी नर्सरींतलें. तें ए-बी-सी घडाघडा म्हणतें, पण बापाचे बैल किती तें त्यास बोटांवर मोजून सांगतां येत नाहीं. दुसरें अंगणवाडींतलें, खिचडीनें अंग धरलेलें, परंतु हातांत खडू घ्यावयास भितें. दोष त्या लेकरांचा नाहीं.

गेल्या सालीं आपल्यांतल्याच एका कुंभारदादानें दोन शेळ्या विकून लेकीस शेजारच्या गांवीं नर्सरींत घातलें. दिवाळीनंतर त्या नर्सरीस कुलूप लागलें. फी बुडाली, गणवेश पेटींत राहिला. पोरीस कडेवर घेऊन आई अंगणवाडीच्या दारांत उभी राहिली. सेविकाबाईंनीं 'इतके दिवस कोठें होतां ?' असें विचारलेंसुद्धां नाहीं. हात धरून आंत बसविलें.

आतां कोणी म्हणेल, मास्तर खाजगी माणसांचा वैरी आहे. मुळींच नाहीं. अंगणवाडीची कल्पनाच मुळीं सरकारी कचेरींत जन्मली नाहीं. १९४५ सालीं ठाणें जिल्ह्यांत बोर्डीस ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं काम आरंभिलें. गरिबांचीं पोरें बालवाडींत येईनात, तेव्हां या बायांनीं बालवाडीच त्यांच्या अंगणांत नेली. सरकारची बालविकास योजना आली तीस वर्षांनीं, २ ऑक्टोबर १९७५ रोजीं, आणि तीही आरंभीं साऱ्या देशांत ३३ ठिकाणीं. अशी भागीदारी मला शंभर वेळां कबूल आहे. जी संस्था लेकराच्या अंगणांत येते ती आपली. जी फीची पावती फाडून दारांत वाट पाहते तें दुकान.

कायद्याचें काय म्हणाल, तर २००२ सालच्या घटनादुरुस्तीनें सहा ते चौदा वर्षांच्या मुलास शिक्षणाचा हक्क दिला. सहाच्या आंतल्यांसाठीं मात्र सरकार 'प्रयत्न करील' एवढेंच लिहिलें. सावकारास आपण 'फेडण्याचा प्रयत्न करूं' म्हटलें तर तो ऐकून घेईल काय ? २०२० च्या शिक्षण धोरणानें तिसऱ्या वर्षापासूनचें शिक्षण शाळेच्या पायरींत धरलें, ही गोष्ट चांगली. पण धोरण म्हणजे कायदा नव्हे. सेविकाबाईंनीं मुलांस शिकवावें, आहार द्यावा, वजनें घ्यावीं, लसीची आठवण करावी, नोंदी भराव्या, आणि मिळावयाचें काय, तर मानधन ! त्यांस ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हें सांगावयास २०२२ सालीं सर्वोच्च न्यायालय लागलें.

बड्या कंपन्याही यांत उतरल्या आहेत. २०१५ सालीं वेदान्त कंपनीनें ४,००० अंगणवाड्या नव्या तऱ्हेच्या बांधण्याचा करार केंद्र सरकारशीं केला. इमारती येवोत, खेळणीं येवोत. भिंतीस कोणाचा रंग आहे याचें मला सोयरसुतक नाहीं. मुलांच्या घासाची गोष्ट मात्र निराळी. अंगणवाडीच्या आहारांत कंत्राटदार घालूं नये, गांवच्या महिला मंडळांस व बचत गटांस काम द्यावें, असा हुकूम सर्वोच्च न्यायालयानें २००४ सालींच दिलेला आहे. तो कितीजणांस ठाऊक आहे ? जोतीराव फुल्यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें विचारलें तें हेंच, कीं रयतेच्या घामाचा पैसा रयतेच्या पोरांवर कां खर्च होत नाहीं. संस्थेस द्यावयाचा पैसाही आपल्याच करांतला असतो.

आपली अंगणवाडी एका संस्थेस चालवावयास द्यावी असें घाटत आहे. देऊं नका असें मी म्हणत नाहीं. अंगठा उठविण्यापूर्वीं कागद मोठ्यानें वाचून घ्या. फी कधींही लागणार नाहीं असें त्यांत लिहिलें आहे काय ? सेविकाबाईंची जागा राहते काय ? खिचडी कोण शिजविणार ? आणि संस्था मध्येंच निघून गेली, तर दुसरे दिवशीं सकाळीं कुलूप कोण उघडणार ? हीं उत्तरें कागदावर नसतील तर लिहून घेतल्यावांचून उठूं नका.

सभा सोमवारीं दहा वाजतां आहे. बायांनीं पुढें बसावें.