एक बोलपट आणि एक कायदा

एखादा कायदा बहुतांना जाचक वाटत असूनहि वर्षानुवर्षें टिकतो. कारण ज्यांना त्याचा जाच होतो, त्यांना एकमेकांजवळ बोलण्याचीच चोरी असते. फ्रान्समधील गर्भपातबंदीचा कायदा या जातीचा होता. १९२० सालच्या कायद्यानें तेथें संततिनियमनाचा नुसता प्रचारहि गुन्हा ठरविला होता. १९६७ सालीं संततिनियमनाच्या साधनांना मोकळीक मिळाली; गर्भपाताची बंदी मात्र कायम राहिली. सुखवस्तु घरांतील स्त्री परदेशीं जाऊन सुटका करून घेई. कामकरी स्त्रीच्या वांट्यास चोरटा उपाय येई, आणि प्रसंगीं त्यांतच तिचा अंत होई.

१९७१ च्या एप्रिलमध्यें ३४३ स्त्रियांनीं, आपण गर्भपात करून घेतला आहे, असें एका साप्ताहिकांत सह्यांनिशीं जाहीर केलें. सुप्रसिद्ध लेखिका सिमोन द बोव्हुआर त्यांत होत्या. १९७३ च्या फेब्रुवारींत ३३१ डॉक्टरांनीं, असे गर्भपात आपण करतों, असें प्रसिद्ध केलें. आणि त्याच वर्षीं एप्रिलमध्यें गर्भपात व संततिनियमन यांच्या स्वातंत्र्यासाठीं 'म्लाक' ही संघटना निघाली. परंतु वृत्तपत्रांतील नामांकितांच्या सह्या वाचून सामान्य गृहिणीला शेजारणीशीं बोलण्याचें धैर्य येतेंच, असें नाहीं. तें धैर्य देण्याच्या कामीं एक बोलपट उपयोगी पडला.

शार्ल बेलमाँ व मारिएल इसार्तेल यांनीं तो १९७३ सालीं तयार केला. 'इस्त्वार दा' हें त्याचें नांव. शेवटचें अक्षर म्हणजे गर्भपात या अर्थाच्या फ्रेंच शब्दाचें आद्याक्षर. शोषणनलिकेनें केलेला एक गर्भपात त्यांत आरंभापासून अखेरपर्यंत दाखविला आहे. डॉक्टर त्या स्त्रीशीं बोलत आहे, ती उत्तरें देत आहे. भयंकर असें कांहींच नाहीं. आजवर जें केवळ कुजबुजीनें ऐकलें होतें, तें प्रेक्षकांना उजेडांत दिसलें.

नोव्हेंबर १९७३ मध्यें सांस्कृतिक मंत्री मोरिस द्र्युऑं यांनीं या बोलपटावर बंदी घातली. ते स्वतः ख्यातनाम कादंबरीकार होते! चित्रपटगृहांचीं दारें बंद झालीं, तेव्हां म्लाकच्या कार्यकर्त्यांनीं फिती उचलल्या आणि गांवोगांवच्या सभागृहांतून व विद्यार्थ्यांच्या जागांतून चोरून खेळ लावले. कांहीं ठिकाणीं पोलिस आले. तरी खेळ थांबले नाहींत.

या खेळांचें खरें मर्म पडद्यावर नव्हतें. दिवे लागल्यानंतर जी चर्चा होई, तींत होतें. चित्रपटगृहांतील प्रेक्षक खेळ संपतांच आपापल्या घरीं जातो. येथें मंडळी बसून राहत आणि प्रश्न विचारीत. पडद्यावरील एक स्त्री बोलली, कीं खोलींतील दुसरीलाहि बोलतां येई. बंदीनें बोलपटाला लहान खोल्यांत ढकललें, आणि बोलणें लहान खोलींतच सुचतें.

गर्भाच्या जीवावर धर्मश्रद्धेनें बोट ठेवणाऱ्यांचा विरोध प्रामाणिक होता, आणि कोणत्याहि बोलपटानें तो मिटण्यासारखा नव्हता. परंतु गर्भपात होतच आहेत, ते सुरक्षितपणें व्हावेत कीं चोरून, हा प्रश्न आतां कोणालाहि टाळतां येईना. आरोग्यमंत्री सिमोन व्हेल यांनीं १९७४ च्या नोव्हेंबरमध्यें लोकसभेपुढें हीच वस्तुस्थिति मांडली. बोलपटावरील बंदी त्याच वर्षीं उठली होती. २८४ विरुद्ध १८९ मतांनीं विधेयक तेथें संमत झालें, आणि १७ जानेवारी १९७५ रोजीं कायदा झाला. तोहि प्रथम पांचच वर्षांपुरता, आणि गर्भधारणेच्या पहिल्या दहा आठवड्यांपुरता. १९७९ सालीं तो कायम झाला. पुढें ४ मार्च २०२४ रोजीं फ्रान्सनें या स्वातंत्र्याची हमी राज्यघटनेंतच नमूद केली.

एका बोलपटानें कायदा बदलला, असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. न्यायालयांतील झगडे व स्त्रियांच्या मिरवणुका यांचा वांटा मोठा आहे. पण अशा विषयावर लोकमत घडवूं पाहणाऱ्या मंडळांनीं या उदाहरणांतून एवढें ध्यानांत घ्यावें, कीं खेळाइतकाच वेळ चर्चेसाठीं राखावा, शंकेला उत्तर देणारा डॉक्टर जवळ असावा, आणि विरोधकालाहि बसावयास खुर्ची द्यावी.