आलेख म्हणजे रस्त्याचे चित्र नव्हे

कागदावर दोन रेषा ओढा: आडवी काळाची, उभी पेणपासूनच्या अंतराची. पेणहून निघालेली गाडी कासू, नागोठणे करीत सुमारे 40 किलोमीटरांवरच्या रोह्याला जाते. तिचा आलेख चढत जातो. "सर, इथं घाट आहे ना?" विद्यार्थी विचारतात. अरे, घाट कुठला! चढ जितका उभा, तितका वेग अधिक, एवढेच. नागोठण्यास गाडी थांबली की रेषा आडवी होते. अंतर थांबते, घड्याळ थांबत नाही. रोह्याहून परतणारीची रेषा उतरती. रेषा छेदतात तिथे गाड्यांची गाठ पडते. रोह्यापुढे कोकण रेल्वेचा बराचसा मार्ग एकेरी. तिथे ही गाठ स्थानकातच पडली पाहिजे. म्हणून आलेख वाचणे हा केवळ गुणांचा प्रश्न नव्हे.